पोथीतले लाल दोरे

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि शहाणपण एकाच घरात कोंडून ठेवायची रीतही नव्हती.

एका राज्यात चार वाटा जिथे मिळत, तिथे एक दगडी मंडप होता. मंडपात सगळ्यांनी मिळून लिहिलेली एक पोथी होती. कुठल्या झाडाची साल तापावर चालते, कुठल्या घाटात पाणी मिळतं, कोण माणूस कसा जगला, सारं तिच्यात असे. लिहायची मुभा सगळ्यांना होती. मात्र नवं पान आधी सात दिवस मंडपातल्या दोरीवर टांगत. वाचणाऱ्याला एखादी ओळ खटकली, तर तो पानाला लाल दोरा बांधी. त्या दोऱ्याचा अर्थ एकच: ‘कशावरून?’ सातव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत उत्तर आलं नाही, तर पान नदीत सोडून देत.

तिथे जवळच दोघे भाऊ राहत. थोरला लोकांना नदी पार करून देई. नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, दर पावसाळ्यानंतर सरकायचा. थोरला रोज सकाळी काठी टेकत तो नव्याने शोधायचा. एका पुरात तो वाहत चाललेलं वासरू धरायला गेला आणि काठावरच्या वडासमोरच्या डोहात बुडाला.

धाकट्याला अक्षरं येत होती ती थोरल्याने वाळूत काढून दाखवलेली, तेवढीच. तेराव्याची पंगत उठली आणि तो खरकट्या हातानेच मंडपाकडे निघाला. दारावर नियम कोरले होते. ते त्याने वाचले नाहीत, कुणाला विचारलेही नाहीत. पान ओढलं आणि लिहिलं, ‘माझ्या दादासारखा वाटाड्या झाला नाही, होणार नाही.’

दुपारपर्यंत पानाला तीन लाल दोरे लागले.

“कुणी बांधले हे?” तो ओरडला. “कशावरून म्हणजे काय? माझा सख्खा भाऊ होता तो!”

पोथी राखणारी म्हातारी सूत वळत बसली होती. “म्हणून तर तुझी साक्ष चालत नाही, बाबा. आपल्या ताकाला आंबट कोण म्हणतं? ज्यांना त्याने पार नेलं, त्यांना विचार. कोण काय म्हणालं ते लिही आणि खाली त्याचं नाव घाल.”

“दारोदार जाऊन विचारू? माझा दादा चांगला होता का म्हणून? मला नाही जमायचं.”

पण त्याला चैनही पडेना. दादाला पाण्याने एकदा नेलं होतं. आता पान सोडलं की दुसऱ्यांदा नेणार. तो दोऱ्यांकडे बघे आणि मावळत्या सूर्याकडे बघे.

शेवटी त्याने पोथीतली जुनी पानं चाळली. दूरच्या एका खोऱ्यातल्या लेकीने आपल्या बापावर लिहिलेलं पान त्यात होतं. तिचा बापही वाटाड्याच होता. ते पान वाचताना लोक डोळे पुसतात, हे धाकट्याने पाहिलं होतं. त्याने अक्षराला अक्षर लावून ते उतरवून काढलं. ‘बाप’ होता तिथे ‘दादा’ लिहिलं. खालच्या चार साक्षीदारांची नावंही तशीच घेतली. आपण काय लिहितो आहोत, हे वाचायला तो थांबलाच नाही.

पहिलं पान काढून त्याने हे टांगलं. चार साक्षी पाहून नव्या पानाला कुणी एकही दोरा बांधला नाही. येणारे जाणारे म्हणत, “काय लिहिलंय पोराने!” धाकटा मान हलवी.

“हे शब्द ओळखीचे वाटतात रे,” एकदा म्हातारी म्हणाली.

“वाटणारच. पाणी इथून तिथून सारखंच,” तो पटकन म्हणाला आणि तिची नजर चुकवून बाहेर गेला.

पाचव्या दिवशी एक कुंभार आणि कुंभारीण मडक्यांनी लादलेलं गाढव घेऊन मंडपात टेकले. कुंभाराने पान वाचलं.

“चल, सोपं आहे. वडासमोर उतरायचं. गुडघाभर पाणी.”

“तुम्हाला सगळंच सोपं. फुटतात ती मडकी मी थापलेली असतात.”

“अगं, चौघांची साक्ष आहे!”

धाकटा पानाकडे धावला. त्याने ओळीवर बोट ठेवलं. व. ड. त्याच्याच हाताने लिहिलेलं. त्या लेकीच्या नदीवरही वड होता, पण त्याच्यासमोर उतार होता. इथे डोह होता. दादाचा डोह.

ती दोघं बाहेर पडली. बोलावं, तर पान गेलं आणि दादाच्या नावावर डाग लागला. न बोलावं, तर... तो उभाच राहिला. गाढवाच्या गळ्यातली घुंगरं लांब जाऊ लागली, आणि मग तो जीव घेऊन धावला.

तो पोचला तेव्हा गाढवाचे पुढचे पाय तळावरून सुटले होते आणि कुंभार दाव्यासकट ओढला जात होता. तिघांनी मिळून दावं खेचलं. गाढव वर आलं. मडकी गेली.

“पोथी खोटं बोलते होय?” कुंभार म्हणाला.

“पोथी नाही,” धाकटा म्हणाला. “मी.”

कुंभारीण डोहाकडे बघत राहिली. “इथे तो काठीवाला असता, तर पाय टाकू दिला नसता त्याने. मागच्या खेपेला मी पोटुशी होते. म्हणाला, ‘ताई, कमरेच्या वर पाणी लागलं की मी माघारी फिरणार. तुम्ही शिव्या घाला.’ दोनदा माघारी आणलं मेल्याने! तिसऱ्यांदा नेलं. मी शिव्या घातल्याही.”

धाकटा तिच्याकडे वळला. “हे लिहू? तुमचं नाव घालून?”

“लिही की. आणि मडक्यांचंही लिही.”

त्याने मंडपात येऊन सगळं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, “त्या लेकीने वर्षभर एकेक शब्द वेचला होता. तिचं नाव घालून मागितले असतेस, तर दिलेही असते तिने. तू चोरलेस, वर तिची माणसं आपल्या भावासाठी साक्षीला उभी केलीस.”

त्याने स्वतःच पान दोरीवरून काढलं आणि नदीत सोडलं. मग तो दारोदार गेला. कुणी थोरल्याला भला म्हणालं. कुणी म्हणालं, हट्टी होता, अर्धा दिवस काठावर बसवून ठेवलं. त्याने तेही लिहिलं. शेवटी त्याने दादाचा बुडतानाचा अखेरचा शब्द लिहिला.

“हा कुणी ऐकला?” म्हातारीने विचारलं.

“मी. काठावर एकटाच होतो.”

“मग तो तुझ्यापाशी राहू दे.”

त्याने ती ओळ खरवडून काढली. हाताला बराच वेळ लागला.

सगळ्यांचं बोलणं जिथे जुळलं, तेवढंच पानावर उरलं: ‘तो रोज काठीने पाणी मोजी. कमरेच्या वर लागलं तर कुणालाही पुढे नेत नसे, कितीही शिव्या दिल्या तरी.’ खाली अकरा नावं होती.

हे पान टांगल्यापासून सातव्या दिवशी सूर्य मावळला. पानाला एकही दोरा नव्हता. म्हातारीने ते पोथीत शिवलं.

तेव्हापासून त्या नदीत पाय टाकण्याआधी प्रत्येक वाटसरू काठीने पाणी मोजतो, आणि वडासमोरच्या डोहाने पुन्हा कुणाला नेलं नाही.

तात्पर्य: उसन्या शब्दांत आपलं माणूस सापडत नाही; साक्षीने लिहिलेली एक साधी ओळ त्याला जपते आणि इतरांनाही तारते.