पडून असलेली गाडी

“बघून झालं, वस्ताद? मग बोला की. काय कमी राहिलं?”

उत्तम लोहारनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री हात मागं बांधून पुन्हा एकदा गाडीभोवती फिरले.

मी मिस्त्रींच्या गॅरेजात स्कूटर दुरुस्तीला टाकून तिथंच बाकड्यावर बसलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. ऐकीव गोष्टी मी सांगत नाही.

गाडी म्हणजे काय सांगू. दोन माणसांची, उघडी, इंग्लंडहून बोटीनं आलेली, सत्तर वर्षांपूर्वीची. शर्यतीत पळवायलाच बनवलेली. सायीसारखा रंग, लाल चामड्याच्या सीटा... माझ्यासारख्या स्कूटरवाल्याचाही जीव जडावा अशी.

उत्तम याच गॅरेजात शिकलेला. अकरा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली काढून तो पुण्याला गेला, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायला लागला आणि चांगला नावारूपाला आला. तिकडं त्याला सगळे उत्तमराव म्हणतात. मिस्त्री अजून उत्त्याच म्हणतात.

पुण्याच्या एका मालकासाठी या गाडीवर त्यानं तीन वर्षं घालवली होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि पहिला नंबर आपलाच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. तरी वाट वाकडी करून तो गडहिंग्लजला आला, ते एका शब्दासाठी. वस्तादांनी ‘चांगलं झालं’ म्हणावं. अकरा वर्षांत ते एकदाही म्हणाले नव्हते.

मिस्त्री टायरपाशी वाकले. बोट फिरवून पाहिलं. धुळीचा कण नव्हता.

“चालवत न्हाई आणलीस?”

“छे, ट्रकवरनं. रंग झाल्यापासनं सुरूच केलेली नाही. सायलेन्सर काळा पडतो.”

“हं...”

तो ‘हं’ मला काही बरा वाटला नाही. उत्तम मात्र खुशीत होता.

एवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि एक म्हातारी उतरली. निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. मिस्त्रींनीच तिला सकाळी निरोप धाडला होता, पण ते उत्तमला ठाऊक नव्हतं. ती कुणाला काही न विचारता सरळ गाडीपाशी गेली आणि वाकून पुढच्या जाळीखाली हात घालायला लागली.

“आजी, हात नका लावू. डाग पडतो,” उत्तम म्हणाला. रागानं नाही, पण म्हणाला.

तिनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला. मिस्त्रींनी ते पाहिलं.

मग उत्तमनं एक काचेची चौकट काढली. गाडीच्या मालकांचा सगळा इतिहास त्यात छापलेला होता. प्रदर्शनात ती गाडीपुढं ठेवायची, परीक्षक म्हणे त्यालाही गुण देतात. मिस्त्रींना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून त्यांनी मला वाचायला लावलं.

पहिला मालक एका जहागीरदाराचा धाकटा मुलगा. त्यानं म्हणे ही गाडी घाटातल्या शर्यतीत पळवून करंडक आणला होता. दुसरे निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी. तिसरे आमच्या गावचे डॉक्टर हेर्लेकर. शेजारच्या सीटवर औषधांची बॅग ठेवून ते हिच्यातनं खेड्यापाड्यांत पेशंट बघायला जायचे. इथवर ठीक होतं. पुढची ओळ मी वाचली : “डॉक्टरांच्या निधनानंतर एकोणीस वर्षं गाडी दवाखान्यामागच्या शेडमध्ये पडून होती.”

“पडून नव्हती,” म्हातारी म्हणाली.

एवढंच. तेही हळू.

उत्तम वडीलधाऱ्यांकडं बघून हसतात तसा हसला. मग मिस्त्रींकडं वळून म्हणाला, की सगळे कागद जुळले, पण एक कोडं काही सुटत नाही. दोन पावसाळे बंद राहिली तरी गाडीचं इंजिन जाम होतं. हिचं एकोणीस वर्षांनी, पुढच्या जाळीखाली लोखंडी हँडल घालून फिरवलं तर, पहिल्या फटक्याला फिरलं.

“नशीब म्हणायचं, वस्ताद.”

“नशीब न्हवं,” मिस्त्री म्हणाले. “आक्काताई.”

आणि त्यांनी म्हातारीकडं बोट केलं.

मिस्त्री बोलायचे कमी, पण त्या दिवशी बोलले. आक्काताई डॉक्टरांच्या दवाखान्यात सुया उकळायची, पट्ट्या बांधायची. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तिला सांगितलं, आक्का, गाडीला दर शनिवारी हँडल घालून दहा वेळा फिरव. चावी लावायची नाही, सुरू करायची नाही, नुसतं फिरवायचं. नाहीतर आखडेल ती.

डॉक्टर गेले. मुलं परदेशात. दवाखान्याला कुलूप लागलं. पण आता थांब, असं तिला कुणी सांगितलं नाही. म्हणून ती दर शनिवारी शेड उघडत राहिली. अंगात ताप असला तरी. लेकीच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा. हँडल जड लागलं की ती मिस्त्रींना बोलवायची आणि ते येऊन तेल घालून जायचे.

मग मुलांनी गाडी विकली, पुण्याचा ट्रक आला आणि ती घेऊन गेला. तिला कुणी कळवलंही नाही. पुढच्या शनिवारी ती गेली, तर शेड रिकामी.

उत्तम ऐकतच राहिला. त्याचा चेहरा पार उतरला.

“वस्ताद, मला कधी बोलला नाही...”

“तू कागदावरची नावं इचारलीस. तेवढी सांगितली.”

माझी स्कूटर कधीचीच झाली होती, पण माझा पाय निघेना.

पोरगा मुळात वाईट नाही, हेही मी सांगितलं पाहिजे. त्यानं माझ्या हातातली चौकट घेतली, मागचे खिळे उचकटून कागद बाहेर काढला आणि म्हणाला, “आक्काताई, पूर्ण नाव सांगा. सगळ्यांच्या वर घालतो.”

“नको रं बाबा. माझी कुठली गाडी? मी कधी बसलेसुद्धा नाही हिच्यात.”

“मग काय देऊ तुम्हाला?”

ती जे विचारायला आली होती, ते तिनं आता विचारलं.

“आता हँडल कोण फिरवतं?”

उत्तमला थाप मारता आली असती, पण त्यानं मारली नाही. पुण्याच्या मालकांनी बंगल्यात काचेची खोली बांधून घेतलीय, गाडी तिथं ठेवायची, चालवायची नाही, सुरू करायची नाही, असं त्यानं खाली बघत सांगितलं. आणि हँडल मुलामा देऊन मखमलीच्या पेटीत घालून गाडीतच ठेवलंय, हेही.

“मग आखडंल की रं ती,” आक्काताई म्हणाली. तिचे डोळे भरले. “डाक्टरांना मी हो म्हणाले होते...”

मला तिच्याकडं बघवेना. खोटं कशाला बोलू.

उत्तम तिच्यापुढं उकिडवा बसला.

“मालकांना मी सांगतो. त्यांचा बंगला माझ्या गॅरेजपासनं जवळ आहे. मी फिरवीन, आक्काताई. दर आठवड्याला.”

तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. खरं बोलतोय की समजूत काढतोय, ते पाहत असावी.

उत्तमनं मान वळवली.

“वस्ताद... आता तरी म्हणा की...”

मिस्त्री भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. डोळे बारीक करून त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

“उत्त्या,” ते म्हणाले, “आज शनिवारच हाय.”