चष्मा काढून पाहिलेली पाटी

"मग माझ्या अक्षरांत खोट काय आहे, ते तरी सांगा!"

अन्विताचा आवाज चढला होता. पायगोंडाआण्णा ब्रश धूत राहिले.

आण्णा म्हणजे आमच्या पेठेतले जुने पेंटर. निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. माझं पंक्चरचं दुकान त्यांच्या समोरच, म्हणून मी हे सगळं ऐकलं. कान काही झाकता येत नाहीत.

पोरगी मागं महिनाभर आण्णांकडे शिकून गेली होती. मग पुण्यात तिनं कॉम्प्युटरवर फॉन्ट केला. जाडजूड, गोलमटोल अक्षरं, जुन्या टॉकीजच्या पाटीवर असायची तसली. खूप वाहवा झाली. एका डोळ्यांच्या दवाखान्यानं सगळ्या पाट्या त्याच अक्षरांत लावल्या.

आणि पेशंट भलत्याच दारात जायला लागले.

एक आजी, डोळ्यांत थेंब घातलेल्या, दुपारभर चुकीच्या पाटीखाली बसल्या. त्यांचं नाव पुकारून झालं, त्यांना कळलंच नाही. आता आठ दिवसांत अक्षरं सुधारली नाहीत तर पाट्या उतरणार होत्या.

"लोकांना वाचता येत नाही, त्याला मी काय करू?" अन्विता म्हणाली.

आण्णांनी तिनं आणलेला अक्षरांचा कागद उलगडला. बराच वेळ बघितला.

"असलं गोल मला जन्मात जमलं नाही," ते म्हणाले.

पोरगी फुलली. मला तिचा रागच आला, खरं सांगतो.

आण्णांनी तो कागद माझ्या दुकानावर, त्यांनीच रंगवलेल्या 'हवा' या पाटीशेजारी डकवला. तिला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं आणि हात पुढं केला.

"चष्मा."

तिचा चष्मा चांगला जाड. तिनं काढून दिला. आण्णांनी तो खिशात टाकला.

ती डोळे बारीक करून उभी राहिली. सकाळचं कोवळं ऊन होतं. सायकली, लिंबाचं झाड, मी, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसतंय, असं ती म्हणाली.

"वाच."

"हवा..." तिनं माझी पाटी वाचली. "लाल ढगासारखं दिसतंय. पण हवाच."

"शेजारी?"

ती चाचपडत रस्ता ओलांडून आली. पार नाक टेकेपर्यंत कागदाजवळ गेली, तेव्हा कुठं अक्षरं लागली.

"तिथनं नुसते काळे गोळे दिसत होते, आण्णा. त्या आजींना असंच दिसलं असणार. आणि मी त्यांनाच नावं ठेवत होते."

मलाही वाईट वाटलं. मघाचा राग कुठल्या कुठं गेला.

तिनं चष्म्यासाठी हात पुढं केला. आण्णांनी चष्मा दिला नाही. भिंतीला कोरा कागद लावला, ब्रश लाल रंगात बुडवला आणि तिच्या हातात ठेवला.

"आण्णा, मला काहीच धड दिसत नाहीये."

"हं... आता अक्षर काढ."