यमूच्या लापशीतल्या गुठळ्या

शेवंतीच्या मळ्यापलीकडे, जिथे गाव संपतं आणि रान सुरू होतं, तिथे एक इवलंसं कौलारू घर होतं. घरात एक चूल, एक पितळी पातेलं, एक आई आणि एक यमू. यमूच्या परकराला पिवळी, जांभळी, हिरवी अशी रंगीबेरंगी ठिगळं होती, आणि ती परकर फिरवत चालली की फुलपाखरांनासुद्धा चुकल्यासारखं व्हायचं. सकाळी लवकर मळ्यात जाऊन ती फुलं खुडायची. त्याबद्दल मळ्याचे मालक तिला थोडे गहू आणि गुळाचा खडा द्यायचे. तेवढ्यावर दोघींचं चालायचं.

फुलं खुडायचं काम खरं तर आईचं. पण श्रावणात आईला ताप आला, आणि ताप उतरला तो आईच्या अंगातली सगळी ताकद बरोबर घेऊनच. घसा तर इतका हुळहुळा झाला की भाकरीचा तुकडाही खाली उतरेना. वैद्यबुवा म्हणाले, रोज सकाळी गव्हाची लापशी द्या, मऊ आणि सरसरीत, तीच पोटात राहील आणि तिनंच आई उठेल. यमूनं विचारलं, लापशी पोटात गेली नाही तर? वैद्यबुवा नुसती पिशवी आवरत बसले.

आता लापशी करायची म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटत असेल. जात्यावर भरडलेला गव्हाचा रवा, पाणी, गूळ आणि असलंच तर दूध. करून बघा एकदा म्हणजे कळेल. यमूची लापशी एक दिवस खळीसारखी चिकट व्हायची, तर दुसऱ्या दिवशी रवा तळाला आणि पाणी वर. गुठळ्या मात्र रोजच्या. बोराएवढ्या, सुपारीएवढ्या, बाहेरून गुळगुळीत आणि आत कोरडा कच्चा रवा.

आई तरी म्हणायची, छान झालीय गं. वाटी रिकामी करून परत द्यायची, आणि यमू नाचतच वाटी घासायला न्यायची.

एका सकाळी यमूनं आईचं लुगडं धुवायला घेतलं. पदराच्या टोकाला घट्ट गाठ होती. तिनं ती सोडली, आणि आतून गुठळ्या घरंगळल्या. आईच्यानं त्या गिळवत नव्हत्या. यमूला दिसू नयेत म्हणून ती त्या तोंडातून काढून पदरात बांधून ठेवत होती आणि पाठ वळली की खिडकीबाहेर टाकत होती. म्हणजे आई रोज अर्धपोटी राहत होती.

यमूचे कान तापले. मान खाली गेली ती वर येईचना. तिनं लुगडं धुतलं, वाळत घातलं आणि आईकडे न बघता मळ्यात पळाली.

शेजारीच साळूमावशी राहायची. तिच्या हातची लापशी म्हणजे काय सांगावं! सकाळी गावातली सगळी चिल्लीपिल्ली आपापली वाटी घेऊन मावशीच्या ओट्यावर हजर. दाणा न् दाणा फुललेला, तरी जिभेवर ठेवला की विरघळणारा. मावशीला एक शब्द विचारला असता तरी काम झालं असतं. पण विचारायचं म्हणजे, मला साधी लापशी येत नाही, हे आधी सांगायला हवं. ते सांगण्यापेक्षा यमूला शेवंतीच्या वाफ्यात तोंड लपवणं सोपं वाटलं.

ती हुंदके देत होती तेवढ्यात समोरचं पिवळंधमक फूल हललं. पाकळ्या बाजूला सारून एक परी बाहेर आली, यमूच्या करंगळीएवढी. चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत निळे-हिरवे पंख, अंगावर शेवंतीच्या पाकळ्यांचं चिमुकलं पोलकं आणि केसांत दवाचे टपोरे थेंब. ती हसली तसे ते थेंब लुकलुकले. तिनं विचारलं तशी यमूनं खाली बघतच सगळं सांगितलं.

परी म्हणाली, "तुझ्या पातेल्यातल्या गुठळ्या मी काढून घेईन. पण बाळ, इच्छेला नियम असतो. गुठळी नाहीशी होत नाही. तुझ्याकडून काढली की मला ती दुसऱ्या कुणाच्या तरी पातेल्यात ठेवावीच लागते."

"कुणाच्याही ठेव," यमू घाईघाईनं म्हणाली. "माझ्या आईला घास गिळता आला म्हणजे झालं."

"दुसरा नियमही ऐक. इच्छा परत करावीशी वाटली, तर गुठळ्या ज्याच्याकडे गेल्या असतील त्याच्या डोळ्यांत बघून खरं सांगायचं. खाली बघून सांगितलेलं चालत नाही."

इच्छा परत कोण कशाला करेल, असं यमूच्या मनात आलं. तिनं मान डोलावली. परीनं पंख झटकले, सोनेरी परागांचा एक छोटासा ढग उडाला आणि फूल पुन्हा मिटून गेलं.

दुसऱ्या सकाळी यमूनं नेहमीसारखाच रवा पातेल्यात ओतला, नेहमीसारखीच घाई केली, आणि लापशी झाली लोण्यासारखी. आईनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. त्या दिवशी पदराला गाठ नव्हती. दिवसामागून दिवस आईच्या गालांवर गुलाबी झाक चढत गेली, आणि एका सकाळी ती भिंतीला टेकून उठून बसली. यमूला हे घर आभाळात चाललंय की काय असं वाटलं.

पण तिकडे साळूमावशीच्या ओट्यावर काय चाललं होतं? पहिल्या दिवशी पोरांना वाटलं, मावशी गंमत करतेय. एकानं गुठळी बोटात धरून गोटीसारखी उडवली. सगळी खिदळली. मावशीही हसली, म्हणाली की आज चुकलं बाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुठळ्या. तिसऱ्या दिवशी मावशीनं रवा चाळून घेतला, पळी बदलली, पातेलं राखेनं लख्ख घासलं. गुठळ्या हटेनात. पोरं वाट्या घेऊन यायची ती हळूहळू कमी झाली, मग यायचीच बंद झाली. मावशी रिकाम्या ओट्यावर बसून आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहायची.

यमूनं कुंपणाच्या फटीतून हे बघितलं. गुठळ्या कुठे गेल्या ते तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

वाईट तर पुढेच होतं. पोरं आता यमूच्या दारात यायला लागली. लापशी चाखून तिची वाहवा करायची. यमू लाल व्हायची, खाली बघायची. पोरांच्या आया म्हणायच्या, बघा किती लाजरी आहे, एवढं करून गर्व म्हणून नाही. हे ऐकलं की यमूला जमीन दुभंगून आत जावंसं वाटे. पण खरं सांगावं, तर गुठळ्या परत येणार. गुठळ्या परत आल्या, तर आई पुन्हा आडवी होणार. ती रोज ठरवायची, उद्या सांगू. उद्या उजाडायचा आणि ती कुंपणाकडे पाठ करून फुलं खुडायची.

मग एके दिवशी साळूमावशी स्वतःच आली. हातात पळी होती. दारात जरा घुटमळली, लुगड्याचा काठ सारखा करत राहिली. केस पांढरे झालेली, अख्ख्या गावाला खाऊ घातलेली बाई, आणि तिला शब्द सापडेनात.

"यमे," ती शेवटी म्हणाली, "मला मेलीला लापशी येईनाशी झालीय. वयानं हात गेला बघ माझा. तुझी फार छान होते म्हणतात. मला दाखवशील का गं पोरी?"

यमूला जे इतके दिवस जमलं नव्हतं, ते मावशीनं तिच्या दारात उभं राहून केलं होतं. अंथरुणावरून आई बघत होती. चुलीवर पाण्याला उकळी फुटत होती. यमूनं आधी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं, मग मावशीच्या पळीकडे, आणि मग मोठ्या कष्टानं, जणू मानेवर फुलांची भरली पाटीच होती, तिनं मान वर केली. मावशीचे डोळे तपकिरी होते आणि कडांना ओले होते.

"मावशी, तुमचा हात नाही गेला," यमू म्हणाली. "त्या गुठळ्या माझ्या आहेत. मी त्या परीकडून तुमच्याकडे पाठवल्या. तुमच्याकडे जातील हे ठाऊक नव्हतं, पण नंतर कळलं. कळूनही मी गप्प बसले."

तिनं नजर हलवली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हलवली नाही. चुलीवरचं पातेलं गुडगुड गुडगुड करायला लागलं, आणि इतक्या दिवसांच्या साऱ्या गुठळ्या आतून फुगून वर आल्या, पातेल्याच्या काठावरून टपटप जमिनीवर पडल्या आणि सगळ्या घरभर गडगडत गेल्या. आई अंथरुणावर थक्क होऊन बघत राहिली.

साळूमावशीनं हातातली पळी खाली ठेवली. "मला राग आलाय तुझा," ती मग म्हणाली. "रात्र रात्र झोपले नाही मी. देवापुढे रडले." यमूनं ते ऐकून घेतलं.

मावशीनं आईकडे बघितलं, पांघरुणावरच्या तिच्या काटकुळ्या हातांकडे बघितलं. मग ती खाली बसली आणि गुठळ्या गोळा करायला लागली. यमूही बसली. दोघींनी त्या पाटीत भरून अंगणात ओतल्या, तशा रानातून मुनियांचा थवा उतरला, लाल चोचींचा, आणि सगळं अंगण किलबिललं.

पातेलं घासून झाल्यावर मावशी म्हणाली की आता नेहमी करतेस तशी लापशी कर, मी बघते. यमूनं उकळत्या पाण्यात रवा एकदम ओतला आणि वर पटकन झाकण ठेवलं.

"झाकण का?" मावशीनं विचारलं.

"कुणी बघू नये म्हणून," यमू पुटपुटली.

मावशी हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच. म्हणाली, अगं, लापशीला सारखं बघावंच लागतं. मग पातेलं रिकामं करायला लावून तिनं पहिल्यापासून सांगितलं. रवा आधी मंद आचेवर कोरडाच भाजायचा, घरभर खमंग वास सुटेपर्यंत, मग तो चिकट होत नाही. पाण्याला उकळी आली की डाव्या हातानं चिमूट चिमूट वैरायचा आणि उजव्या हातानं ढवळत राहायचं, थांबायचं नाही. सगळा पडला की जाळ कमी करायचा, मग झाकण, आणि दाण्याला फुलायला वेळ द्यायचा. गूळ शेवटी, पातेलं उतरवल्यावर. दूधही मग. मावशीनं सगळं सांगितलं, पण पळी काही हातात घेतली नाही. पळी यमूच्याच हातात ठेवली.

यमूनं वैरलं, ढवळलं. हात भरून आला तरी ती थांबली नाही. दाणे फुलल्यावर तिनं पातेलं उतरवून गूळ घातला आणि वाटी भरून आईसमोर ठेवली. वाफ वर चढली, गव्हाची, गुळाची, आणि खिडकीतून आलेल्या उन्हात ती पिवळी, केशरी, गुलाबी दिसायला लागली. त्या वाफेतच परी उभी होती. पंख थरथरत होते आणि केसांतले थेंब चकाकत होते.

"नियम पाळलास," ती हळूच म्हणाली. "आता एक इच्छा माग. हिला कसलाच नियम नाही. हवं ते माग."

यमू विचारात पडली. आई आजच्या आज बरी व्हावी, असं मागावं? ओठांवर शब्द आलेच होते. पण आईसमोर वाटी नुकतीच ठेवली होती, आणि यमूला आधी तिचा पहिला घास बघायचा होता. आईनं घास तोंडात घेतला. जिभेवर घोळवला. लापशी अगदी मावशीसारखी नव्हती, एखादा दाणा कच्चट राहिला असेल. आईनं तो चावला. गिळला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, वाटीला बोट फिरवून ते चाटलं.

ताप उतरल्यापासून आई रोज "छान झालीय" म्हणत आली होती. आज ती तसं म्हणाली नाही.

"यमे," आई म्हणाली, "अजून आहे का गं?"

यमू परीला विसरली. इच्छेलाही विसरली. पळी घेऊन पातेल्याकडे धावली, आणि तिच्या पाठीमागे परी खुदकन हसली. घरात प्रकाश भरला, आधी दवासारखा पांढरा, मग हळदीसारखा पिवळा, मग निळा-हिरवा. काळवंडलेली कौलं लखलखली, पितळी पातेलं सोन्याचं दिसलं, यमूच्या परकराची ठिगळं फुलांसारखी उजळली. साळूमावशीनं डोळ्यांवर हात धरला. हात काढला तेव्हा खिडकीत पंखांचं नुसतं सोनेरी चूर्ण तरंगत होतं, आणि यमूची न मागितलेली इच्छा पूर्ण करून परी निघून गेली होती. आई भिंतीचा आधार न घेता उठून उभी राहिली होती.

यमूला यातलं काहीच दिसलं नाही. ती पातेल्यात वाकून लापशी काढत होती.

"किती वाढू, आई?" तिनं मान वर करून विचारलं.

"भरून वाढ," आई तिच्या अगदी जवळून म्हणाली.