न मरणाऱ्या शब्दांची नगरी

एका राज्यात चंडघोष नावाचा राजा होता. त्याच्या दरबारात बोलत सारे, ऐकत कोणी नसे. एकदा एक जोगी काही सांगायला आला. तीन दिवस ताटकळला. कुणी त्याला तोंड उघडू दिलं नाही. चौथ्या दिवशी उंबरठा ओलांडताना तो म्हणाला, "बोला बापहो, पोटभर बोला. आजपासून या नगरीत उच्चारलेला एकही शब्द मरणार नाही."

झालं! सासवांची बोलणी, बाजारातल्या आरोळ्या, पुरोहितांचे मंत्र, सारं हवेत घोंघावत राहिलं. राजानं हुकूम सोडला, "शांत राहा!" मग तो हुकूमही गावभर किंचाळत फिरू लागला.

त्या नगरीत सटवाजी दवंडीवाला राही. त्याची सात वर्षांची लेक सगुणा अकरा दिवस झोपली नव्हती. आईनं पहिल्या दिवशी म्हटलेली अंगाई अजून अंथरुणाभोवती चालूच होती. अंगाई संपेना, म्हणून पोरीचे डोळे मिटेनात. वैद्यानं तीन बोटं दाखवली. पोरीचे तीनच दिवस उरले होते.

"धनी, अख्खा मुलूख जागवणारा गळा तुमचा," बायको बायजा म्हणाली, "आन् एका पोरीला नीज आणता येईना होय?"

सटवाजी निघाला. वेशीवर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "जोगी डोंगरापल्याड गुहेत आहे. वाटेत तीन दगडी पुतळे बोलतील. एकालाही उत्तर दिलंस, तर चौथा पुतळा तू."

"मग तूच का जात नाहीस, बाई?"

"मी टिटवी रे बाबा! पहिल्याच पुतळ्यापाशी दगड होईन."

पहिला पुतळा म्हणाला, "वाहवा सटवाजी! असा गळा त्रिखंडात नाही." सटवाजीनं मान खाली घातली. दुसरा गरजला, "चोरा, बापाचा डफ विकून खाल्लास!" सटवाजीनं ओठ चावला, रक्त आलं. तिसऱ्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आपला आभाळाला सांगत होता, "महापुराची दवंडी त्या साली बुधवारी झाली."

मंगळवारी झाली होती! सटवाजीनंच दिली होती! शब्द दातांपर्यंत आला. सटवाजीनं तो गिळला आणि पाऊल पुढे टाकलं.

गुहेत जोगी डोळे मिटून बसला होता.

"महाराज, शाप मागे घ्या."

"गेलेला शब्द मागे येत नाही, हे दवंडीवाल्यानं तरी जाणावं. सारी नगरी एकाच वेळी नऊ श्वास गप्प राहिली, तर शाप सुटेल."

"दरबारात आपण काय सांगायला आला होता?"

जोगी उत्तर देईना. सटवाजी समोर बसून राहिला. हळूहळू त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. आत कुणीतरी कित्येक वर्षं त्याची वाट पाहत बसलं होतं, असं त्याला वाटलं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि तो माघारी फिरला.

तिसऱ्या दिवशी तो नगरीच्या चावडीवर चढला. डफावर थाप मारून त्यानं हाक दिली, "ऐका हो ऐकाऽऽ!"

आणि थांबला.

लोक धावत आले. राजा सज्जात आला. शापानं ती हाकच नगरीभर फिरत राहिली: ऐका, ऐका. जो तो कान देऊन उभा राहिला, पुढचा शब्द चुकू नये म्हणून. चाळीस वर्षं त्या हाकेमागून शब्द आले होते. आताही ते सटवाजीच्या घशात निखाऱ्यासारखे दाटले. त्यानं ओठ घट्ट मिटले. पाचव्या श्वासाला एका कासारानं तोंड उघडलं. शेजारणीनं त्यावर हात ठेवला. सातव्याला टिटवीनं चोच मिटून घेतली. आठवा गेला. नववा गेला.

मग शब्द पाचोळ्यासारखे गळू लागले. हुकूम गळले, आरोळ्या गळल्या. सटवाजीच्या घरात अंगाई शेवटच्या ओळीला आली आणि संपली. सगुणेचे डोळे मिटले, श्वास संथ झाला, ती गाढ झोपली. बायजा तिच्या उशाशी बसून राहिली. रडली, पण हुंदका येऊ दिला नाही.

राजा चावडीपाशी आला आणि हलकेच म्हणाला, "सटवाजी, दवंडी काय होती?"

"एवढीच होती, महाराज."

तेव्हापासून दरबार भरला, की आधी नऊ श्वास कुणी बोलत नसे. आणि मग पुष्कळांच्या लक्षात येई, की जे बोलायचं होतं, ते बोलायची गरजच नव्हती.

सगुणेला जशी नीज लाभली, तशी तुम्हाआम्हांला लाभो.