निळ्या गिटारवरचा डाग

एकदा एक भांड्यांचा व्यापारी वाद्यांच्या कारखान्यापुढे रिक्षातून उतरला, तेव्हा त्याच्या एका हातात मुलाची गिटार होती आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेला मुलाचा चेहरा. चेहरा व्हिनाइलवर छापलेला होता. मोटारींवर आणि दुकानांच्या काचांवर चिकटवतात, तसले ते पातळ, चकचकीत व्हिनाइल. मुलाला जाऊन दोन वर्षे होत आली होती.

कारखाना म्हणजे एका वृद्ध कारागिराची लांबट खोली. उमेदीच्या काळात त्याने तंबोरे घडवले, उतारवयात हाती येईल ते वाद्य दुरुस्त केले, आणि अलीकडे कॉलेजातली मुले इलेक्ट्रिक गिटारी घेऊन येऊ लागली तेव्हा त्यांनाही त्याने परत पाठवले नाही. जुन्या गिटारला रंग देण्याऐवजी तिच्यावर व्हिनाइल चढवायचे काम मात्र त्याची शिष्या करत असे. ती आधी मोटारींना व्हिनाइल लावणाऱ्या दुकानात होती. लाकूड शिकायचे म्हणून इथे आली. गेल्याच आठवड्यात तिने एका गिटारला वाघाचे पट्टे चढवले होते. वृद्धाने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला होता, "छान जमलंय. आता रात्री हिला बांधून ठेव."

व्यापाऱ्याने गिटार खोळीतून काढून टेबलावर ठेवली. ती इलेक्ट्रिक होती, गडद निळी. शेजारी त्याने व्हिनाइलची गुंडाळी उलगडली. विशीतला एक मुलगा डोळे बारीक करून हसत होता.

"हा शार्दूल," व्यापारी म्हणाला. "पुढच्या सगळ्या भागावर हा चेहरा बसवा. बैठकीत लावायचीय. आमच्या दुकानात लोक भांड्यावर नाव घालून घेतात, का? तर भांडं कुणाचं ते कळावं. तसं ही कुणाची ते आल्यागेल्याला कळायला हवं."

"किती दिवस वाजवत होता?" वृद्धाने विचारले.

"वाजवायचा कसला! आणली, आणि थोड्याच दिवसांत सोडली. तिच्याबरोबर तो आवाज मोठा करायचा खोका आणला होता ना, पहिल्याच संध्याकाळी मी ओरडलो. म्हटलं, दिवसभर दुकानात भांडी आदळतात, घरी तरी कानाला विसावा असू दे. त्यानं खोका मित्राला देऊन टाकला. पुढं घरात गिटार कधी ऐकू आली नाही." तो थोडा थांबला. "मीच सोडायला लावली म्हणायची."

वृद्धाने गिटार खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरून पाहिली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

शिष्येने सवयीने तारा सैल करून उतरवल्या, बटणे काढली. व्हिनाइल लावण्याआधी पृष्ठभाग अगदी निर्मळ करावा लागतो. खड्डा असेल तर पुट्टी भरायची, ओरखडा असेल तर घासायचा, आणि शेवटी स्पिरिटने पुसून हाताचा तेलकटपणा घालवायचा. घामाचा अंश जरी राहिला तरी तिथे व्हिनाइल धरत नाही, फुगा येतो. तिने स्पिरिटची बाटली उघडली, फडके भिजवले, आणि ती पुसायला वाकली तोच वृद्धाने तिच्या हातातून फडके काढून घेतले.

"हे काम शेठ करतील."

"आबा!" शिष्या जवळजवळ ओरडलीच. "गिऱ्हाइकाच्या हातात फडकं?"

"आपल्याकडं तशी पद्धत आहे."

अशी कुठलीही पद्धत त्या कारखान्यात नव्हती. वाघाची गिटार शिष्येने स्वतःच पुसली होती. पण वृद्धाने फडके व्यापाऱ्यापुढे ठेवले, "आधी नीट बघून घ्या, मग पुसा. सगळं गेलं पाहिजे," इतकेच सांगितले, आणि तो दाराशी स्टुलावर जाऊन बसला. शिष्या रागाने त्याच्यामागे गेली. "त्यांना काय वाटेल? पैसे आपण घ्यायचे आणि पुसायला त्यांना बसवायचं?" वृद्धाने तिला बोटानेच गप्प राहायला सांगितले.

व्यापाऱ्याने फडके उचलले, पण लगेच पुसले नाही. जन्मभर भांडी घेतली-विकली होती. नवे भांडे हातात आले की पोचा कुठे आहे ते त्याची बोटे आपोआप शोधत. तशीच ती आता निळ्या रंगावरून फिरू लागली. कडेला एक टवका उडाला होता. जिथे उजवा हात टेकतो तिथे रंग फिका झाला होता. गिटारचा वरचा भाग शिंगासारखा पुढे आलेला असतो. बोटे तिथे पोचली आणि थांबली.

"इथं हे काय झालंय?" त्याने विचारले. "सगळीकडं चकाकी आहे, इथंच मंद का? सायीसारखं काहीतरी धरलंय."

दोघेही टेबलापाशी आले. शिष्येने वाकून पाहिले. हाताची झीज तिच्या ओळखीची होती. हा डाग मात्र ओळखीचा नव्हता. तळहाताएवढा, एका बाजूला गोलसर, दुसरीकडे निमुळता.

"गाल आहे तो," वृद्ध म्हणाला.

"गाल?"

"ही गिटार पोकळ नसते, शेठ. खोक्याला जोडली तर गल्लीला ऐकू जाते, आणि नुसती वाजवली तर खोलीतल्या माणसालाही धड ऐकू येत नाही. वाजवणाऱ्याला स्वतःचं नीट ऐकायचं असेल तर एकच उपाय. मान वाकवायची आणि इथं गाल टेकवायचा. लाकडातून आवाज थेट कानात येतो." त्याने त्या जागेकडे पाहिले, हात मात्र लावला नाही. "एका दिवसात असा डाग पडत नाही. चार दिवसांतही नाही. ज्याला घरात दुसऱ्या कुणाला त्रास होऊ द्यायचा नव्हता, त्यानं पुष्कळ दिवस वाजवलीय ही."

स्पिरिट उडून जाऊन व्यापाऱ्याच्या मुठीतले फडके कोरडे पडले.

"म्हणजे सोडली नव्हती," शेवटी तो म्हणाला.

"नव्हती."

"भिंतीपलीकडं मी पेपर वाचत बसायचो हो."

मग व्यापाऱ्याने उलगडलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, डागाकडे पाहिले. "हे चिकटवायचं तर तेवढं पुसावं लागेल?"

"पुसावंच लागेल," शिष्या म्हणाली. तिचा आवाज आता हळू झाला होता. "नाहीतर धरणार नाही."

"मग नको. नाव तर त्यानं आधीच घातलंय."

त्याने व्हिनाइल गुंडाळायला घेतले. वृद्धाने ते काढून घेतले. "हे वाया घालवू नका. गिटारसाठी लाकडी पेटी करून देतो, तिच्यावर लावू. पेटीला अजून कुणाचा हात लागलेला नाही."

कुणी न सांगताच शिष्येने तारा पुन्हा चढवल्या. व्यापाऱ्याने गिटार उराशी धरली. कशी धरायची ते त्याला ठाऊक नव्हते. मोठे पातेले धरावे तशी त्याने ती दोन्ही हातांनी कवटाळली. मान वाकवली. मुलाच्या गालाच्या जागी आपला गाल टेकवला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून वृद्धाने पुढे होऊन सगळ्यात जाड तार एकदा छेडली.

शिष्येला जेमतेम ऐकू आले. व्यापाऱ्याने डोळे मिटून घेतले.

"येतंय का ऐकू?"

"येतंय," तो म्हणाला. "अजून एकदा."

तो गेल्यावर शिष्या टेबल आवरत होती. "आबा, उजेडात धरलीत तेव्हाच डाग दिसला होता ना तुम्हाला?"

"दिसला होता."

"मग सरळ सांगायचं. त्यांनी भसाभस पुसून टाकलं असतं तर?"

"म्हणून तर दाराशी बसून त्यांच्या हातांकडं बघत होतो. पण भांडीवाला माणूस हात फिरवल्याशिवाय वस्तू पुसत नाही." वृद्धाने स्पिरिटच्या बाटलीला बूच लावले. "मी सांगितलं असतं तर ती माझी गोष्ट झाली असती, ऐकून घरी गेले असते. मुलगा त्यांच्याच बोटांना सापडायला हवा होता. माणूस गेला की जेवढा मागे उरतो तेवढा आपल्याला पुरेनासा होतो, आणि आपण त्याला मोठा करायला धावतो. फोटो मोठा, नाव मोठं. पण मोठं चिकटवायचं तर खालचं बारीकसारीक आधी पुसावं लागतं. हे तुला हातानं ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. त्यांना फडकं हाती आल्याशिवाय कसं कळणार?"

शिष्येने ते कोरडे फडके घडी करून खुंटीला अडकवले. त्या दिवशी तिने दुसरे काही पुसायला घेतले नाही.

पेटी झाली तेव्हा शिष्या स्वतःच ती व्यापाऱ्याच्या घरी पोचवायला गेली. दुकान बंद असायचा वार होता. बैठकीचे दार उघडे होते, आणि आत व्यापारी मान वाकवून, गाल टेकवून बसला होता. अंगठ्याने एकच तार छेडत होता. दारातून तिला काही ऐकू आले नाही. तिने पेटी आवाज न करता उंबऱ्याशी टेकवली, आणि त्याचे ऐकणे संपेपर्यंत ती बाहेर उभी राहिली.

प्रत्येक घरात कुणीतरी मागे ठेवलेले असे काहीतरी असतेच. ते लख्ख करायला घेण्यापूर्वी एकदा त्यावरून नुसता हात फिरवावा.