दर्याच्या मालकाचा नारळ

नारळी पौर्णिमेला सकाळी बरोबर सव्वासातला दोन बलाढ्य राजांच्या लढाऊ बोटी आमच्या खाडीच्या तोंडाशी ठाकल्या. दोघांचे कप्तान बंदरावर उतरून ओरडले, "दर्या आमचा! होड्यांवर आमचंच निशाण लावा, नाहीतर तोफ!" एकाचं लावलं तर दुसरा बुडवणार. होड्या अडल्या, म्हणजे चुली अडल्या.

तान्ही लेक कडेवर घेऊन चांगुणा कोळीण पुढे झाली. तिचा नवरा पहिल्याच होडीवर होता. दर्याला वाहायचा नारळ तिनं कप्तानांपुढे धरला.

"दादांनो, मालक कोण ते तुम्हीच ठरवा, हा मान त्याचा. फक्त आमची रीत ऐका. नारळ घेईल त्यानं वादळवाऱ्यातून आमचा एकेक माणूस सुखरूप घरी आणायचा. हिचा बापूस नाही आला, तर ही तुमच्या दारात येऊन रडेल."

लेकीनं तेवढ्यात भोकाडच पसरलं.

पहिला कप्तान मागे सरला. "यांना दे, दर्या यांचा."

"छे, छे, यांचाच!" दुसरा म्हणाला.

"मग ज्याचा त्यालाच देते." चांगुणानं नारळ लाटेवर सोडला. दर्या आपला नाही म्हटल्यावर तोफ कुठल्या तोंडानं डागणार? होड्या बिननिशाणाच्या निघाल्या.

माझाही माणूस आज दर्यावर आहे. ही गोष्ट पुढच्या बंदराला सांगा, सांगत सांगत त्याच्यापर्यंत पोचू दे.