काकडीच्या वेलीचा अंतरपाट

हं, आलात का सगळे पांघरुणात? तोंडं तेवढी बाहेर ठेवा, म्हणजे कोण ऐकतंय आणि कोण घोरतंय ते मला कळेल. तर दोन डोंगरांपलीकडे एक राज्य होतं. राज्य कसलं, या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जायचं. तिथे राजा होता, पण राजाचं काय घेऊन बसलात, कारभार सगळा त्याच्या आईच्या हातात. तिचं नाव आवडाबाई. कमरेला किल्ल्या, जिभेला धार आणि जीव सगळा सुनेत. सुनेचं नाव केवडा.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी केवडाला दिवस गेले. आवडाबाईला आभाळ ठेंगणं झालं. पण झालं काय, केवडाच्या पोटात अन्नच ठरेना. शिरा केला, नको. पेज केली, नको. मऊ भात कालवून दिला, तर वासानंच तोंड फिरवलं. डोळे खोल गेले, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. वैद्य म्हणाला, पोटात काही गेलं नाही तर बाळाचं कठीण आहे आणि आईचंही. मग आवडाबाईनं तिला कुशीत घेऊन विचारलं, तुला खावंसं तरी काय वाटतं? केवडा हळूच म्हणाली, "आत्याबाई, आपल्या परसातली काकडी. आणि टोमॅटो. नुसतं मीठ लावून."

बाजारातली आणून दिली, तीही नको. डोहाळे ते डोहाळे, त्यांच्याशी कोण वाद घालणार?

आता परसात काकडीची वेल होती, बरं का. टोमॅटोची झाडंही होती. सगळं पिवळ्या फुलांनी नुसतं लगडलेलं. पण फळ म्हणून धरेना. फुलं यायची, माना टाकायची आणि गळून पडायची. रोज सकाळी खाली फुलांचा सडा आणि वर नुसती पानं.

आवडाबाईला कारण पक्कं ठाऊक होतं. दृष्ट लागली, दुसरं काय! वेलीला पहिलीवहिली फुलं आली तेव्हा येणारीजाणारी प्रत्येक बाई थांबून म्हणायची, अगंबाई, केवढी ही फुलं. आणि लगेच ती फुलं गळली. मग आवडाबाईनं काय केलं? पांढरी मलमल आणून सगळं परस झाकून टाकलं. तरी फळ नाही. मग मीठमिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या, सगळं घर खोकलं. तरी फळ नाही. मग तिला दिसलं, मलमलीबाहेर मधमाश्या घोंघावताहेत. त्या सुनेला चावतील म्हणून तिनं कडुनिंबाची धुरी केली. माश्या बिचाऱ्या निघून गेल्या. आणि फळ? नाव नको.

इकडे केवडा उठून बसेनाशी झाली. त्या दुपारी आवडाबाई एकटीच मलमलीच्या आत शिरली आणि वेलीखाली बसून रडली. एवढी कडक बाई, पण हमसून हमसून रडली. तेवढ्यात कापडाच्या दुमडीत काहीतरी गुरगुरलं. बघते तर काळाकुळकुळीत भुंगा अडकलेला. तिनं पायातली वहाण काढली. तर भुंगा बोलला हो चक्क.

"मारतेस कशाला? मी वऱ्हाडातला आहे."

कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड रे मेल्या, आवडाबाई म्हणाली. मग भुंग्यानं तिला सगळं सांगितलं. काकडीच्या वेलीवर काही फुलं नवरे असतात आणि काही नवऱ्या. नवरीच्या मागे बोटाएवढी काकडी आधीच असते, पण नवऱ्याकडची पिवळी पूड तिला मिळाली तरच ती धरते. ती पूड पोचवायची मधमाश्यांनी. पहिली जी फुलं गळली, ते नुसते नवरे होते, ते गळायचेच. आणि टोमॅटोचे नवराबायको राहतात एकाच फुलात, पण दोघंही झोपाळू. तुमच्यासारखे. त्यांना गुणगुणून गदगदा हलवावं लागतं. ते काम भुंग्याचं.

"लग्नात अंतरपाट धरतात ना, बाई? मग सोडतातही. तू धरलास तो धरूनच बसलीस."

आवडाबाईच्या हातातली वहाण गळून पडली. आपल्याच हातांनी आपण सुनेच्या तोंडचा घास अडवला, हे तिच्या काळजाला लागलं.

भुंगा तिनं सोडवला. पण मधमाश्या? त्या उंबराच्या ढोलीत रुसून बसलेल्या. आवडाबाई अक्षता घेऊन बोलवायला गेली. पहिल्यांदा म्हणाली, राजाची आई बोलावतेय. एकही माशी हलली नाही. मग गुळाचा खडा ठेवला, तो मुंग्यांनी नेला. मग तिनं किल्ल्यांचा जुडगा काढून खाली ठेवला, ढोलीला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "माझी लेक उपाशी आहे गं. चुकलं माझं. या."

सून नाही म्हणाली, लेक म्हणाली. ऐकलंत ना?

आणि ढोलीतून गुं गुं करत सगळं वऱ्हाड निघालं. आवडाबाई पुढे धावली, गाठी सोडल्या, मलमलीचं टोक हातातून सोडून दिलं. ऊन आत आलं, वारा आला, माश्या आल्या. मंगलाष्टकं म्हटल्यासारखं सगळं परस घुमायला लागलं. भुंगा टोमॅटोच्या फुलांना लोंबकळून हलवत सुटला, बघून हसू यावं असा.

मग काय हो! इवली इवली काकडी फुगायला लागली. आवडाबाईनं सगळ्यांना बजावलं, कोवळ्या काकडीला बोट दाखवायचं नाही, कुजते. ती सवय काही गेली नाही तिची. पण कुणी बोट दाखवलं नाही आणि काकडी कुजली नाही. टोमॅटोही लाल झाले.

आवडाबाईनं स्वतः काकडी चिरली, टोमॅटो चिरला, वर मीठ भुरभुरवलं. केवडानं एक फोड तोंडात घातली. सगळं घर श्वास रोखून बसलं. तिनं चावली, गिळली आणि ताटली पुढे करून म्हणाली, अजून. राजा तर रडायलाच लागला. त्या दिवशी केवडा पोटभर जेवली आणि गाढ झोपली. आणि तिच्या उशाशी बसल्या बसल्या आवडाबाईचाही डोळा लागला, कितीतरी रात्रींनंतर.

पुढे केवडाला मुलगी झाली, गोरीगोमटी, गुटगुटीत. बारशाला सगळं राज्य लोटलं. बाया पाळण्यात डोकावून म्हणायला लागल्या, अगंबाई, केवढं गोड हे बाळ. आवडाबाईचा हात झटकन मलमलीच्या दुपट्याकडे गेला. आता झाकणार बाळाला, तेवढ्यात कानाशी भुंगा गुणगुणून गेला. आवडाबाई हसली. दुपटं बाजूला सारलं आणि म्हणाली, "बघा गं, डोळे भरून बघा."

बाळाला काही झालं नाही. उलट ते सगळ्यांकडे बघून हसलं. मग सगळी सुखात राहिली, परसातली काकडी खाऊन.

झालं, आता पुरे. अरे, कुणी डोक्यावरून पांघरूण ओढलंय? काढ बघू, वारा लागू दे तोंडाला. हं, असं. निजा आता.